आखाडातला तंबू

१९ जून, गुरुवार. हुपरी

आज नेमणुकीचा आदेश आला. पद तलाठी, गाव माळगुंडी, तालुका चंदगड. एकवीस जुलैपर्यंत रुजू व्हायचं आहे.

पोस्टमननं पाकीट माझं नाव वाचून मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या हातात दिलं. मामांनी उलटसुलट करून आत्तींकडे दिलं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी ते न उघडताच देव्हाऱ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "दमानं बघ की. पळून जातंय व्हय?" सुनेचं पाकीट देवापुढं ठेवावं एवढं त्यांना कौतुक वाटलं, हे बघून मला भरून आलं. दुपारी त्या झोपल्यावर मी ते काढून वाचलं.

आमच्या घरात शिकून पदवी घेतलेली मी पहिली. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, म्हशी राखून मला शिकवलं. मे महिन्यात लग्न झालं तेव्हा पत्रिकेवर माझ्या नावापुढं बी.ए. छापलं होतं. राजवीरच्या नावापुढं काय छापायचं यावर दोन दिवस खल झाला आणि शेवटी 'युवा उद्योजक' छापलं. घरात पैंजणांचा कारखाना आहे, त्यामुळे ते खोटं नव्हतं. बघायला आले तेव्हा राजवीर वीस माणसांसमोर म्हणाला होता, "मला शिकलेलीच बायको पायजे. नोकरी करू दे की, आपण आडवं येणार न्हाई." मी त्याच वाक्यावर होकार दिला. सहजीवन म्हणजे दुसरं काय असतं?

रात्री जेवताना विषय काढला. मामा ताटातल्या भाकरीकडे बघून म्हणाले, "चंदगड म्हंजे कर्नाटकाच्या अंगाला." आत्ती म्हणाल्या, "आता आखाड लागतोय. आखाड झाला की बघू."

लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात, म्हणजे आषाढात, सासू-सुनेनं एकमेकींचं तोंड बघायचं नसतं. म्हणून नवी सून महिनाभर माहेरी जाते. मला हे पटत नाही, पण आत्ती फार कडक पाळतात. यंदाचा आखाड चोवीस जुलैला संपतो. रुजू व्हायची तारीख एकवीस. आत्तींच्या हे लक्षात आलं नसावं. घाईत होत्या.

२७ जून, शुक्रवार. माहेरी, जोतिबाच्या पायथ्याला

परवा माहेरी आले. निघताना आत्तींना तारखेचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग राजवीरकडे बघितलं. मग डोक्यावरून पदर घेऊन आत गेल्या.

आज राजवीरचा फोन. म्हणाला, "संयू, आपण टूर काढूया. मोटारसायकलवरनं. तंबू घिऊन. आंबोली, चंदगड, सगळा डोंगर. तुझं गाव पण बघून येऊ. तुला मानवतंय का ते तुझं तूच ठरीव. मी काय बोलणार न्हाई."

मी विचारलं, आत्ती काय म्हणाल्या? तो म्हणाला, "आईच म्हणाली, नीट सगळं दाखवून आण म्हणून."

लग्नाला दोन महिने नाहीत आणि एवढी समज! माझ्या मैत्रिणींचे नवरे त्यांना महाबळेश्वरला नेऊन स्ट्रॉबेरी खायला घालतात. माझा नवरा मला माझ्या नोकरीच्या गावी नेतोय, तेही ऐन पावसात, म्हणजे गाव खरं कसं आहे ते कळेल. मी एक अट घातली. अर्धा रस्ता तू चालवायचं, अर्धा मी. तो म्हणाला, "अर्धं अर्धं. शब्द."

मला गाडी येते. आण्णांचा हात मळणी यंत्रात सापडला होता, तेव्हा कॉलेजची दोन वर्षं मीच दुधाचे कॅन लावून डेअरीपर्यंत जायचे. घाटातून. त्याचं मला विशेष वाटत नाही, पण राजवीरला ते अजून खरं वाटत नाही.

१५ जुलै, मंगळवार

राजवीर नवीन मोठी मोटारसायकल घेऊन आला. बरोबर त्याचा मित्र झिशान, तंबू त्याचाच. अंगणात तंबू लावायची तालीम झाली. राजवीर म्हणाला, "हे काय, दोन मिनिटाचं काम." तंबू पहिल्यांदा उलटा झाला, दुसऱ्यांदा म्हशीच्या अंगावर गेला. म्हशीनं वैरण सोडली नाही.

झिशान मला म्हणाला, "वहिनी, ह्यानं एकदा पन्हाळ्याला हाच तंबू नेलता. रात्री आठला फोन आला, 'झिशान, लॉजचा नंबर दे.'"

"गप बस की रे," राजवीर म्हणाला.

आण्णा ओट्यावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "जावईबापू, तंबू कशाला? चंदगडात माणसं घरात ऱ्हात न्हाईत व्हय?" राजवीरनं निसर्ग, मोकळी हवा वगैरे सांगितलं. आण्णा म्हणाले, "हवा हाय की हितं. बसा."

आत्तींनी मला एक बरणी भरून कांदा-लसूण चटणी पाठवली आहे. तोंड बघायचं नाही, पण चटणी चालते.

१६ जुलै, बुधवार. आजऱ्याच्या अलीकडे

निघालो. कोल्हापुरात मी चालवते म्हटलं, तर राजवीर म्हणाला, "गर्दी हाय." गारगोटीत म्हणाला, "हितं आमची गिऱ्हाइकं हाईत, बघतील." गारगोटीच्या पुढं रस्ता ओला होता. नंतर पाऊस थांबला, रस्ता सुकला, तेव्हा म्हणाला, "आता कुठं गाडी पळायला लागल्या, थांबून वेळ का घालवायचा?" माझ्या थकव्याची तो फार काळजी घेतो.

डोंगर असा हिरवा की डोळे मिटले तरी हिरवंच दिसतं. मी मागं बसून मोठ्यानं बोलत होते, हे बघ, ते बघ. राजवीर गाडी चालवताना डोंगर बघत नाही. त्याला माणसांत रस जास्त. प्रत्येक चहाच्या टपरीवर तो थांबतो आणि चौकशी करतो. आजचा संवाद मला पाठ झालाय:

"मालक, चंदगडात पाऊस किती पडतोय हो?"

"पावणं, पाऊस? गौरी-गणपती झाल्याबिगर अंगावरचं कापड वाळत न्हाई."

"ऐकलंस?" राजवीर मला म्हणाला. मग मालकाकडे वळून, "आणि साप?"

"हाईत की."

"बिबट्या?"

"अधनंमधनं."

"हत्ती?"

"येतोय की. येतोय, ऊस खातोय, जातोय. तुमी काय जंगल खात्यात हाईसा काय?"

"न्हाई, मिसेसला माहिती पायजे."

मी मालकांना विचारलं, मग एवढ्या पावसात तुम्ही दुकान कसं चालवता? ते म्हणाले, "ताई, पाऊस हाय म्हणून तर माणसं चहाला थांबत्यात." केवढं साधं उत्तर! मी राजवीरला म्हटलं, बघ, इथली माणसं किती समजूतदार आहेत. त्याचा चेहरा जरा पडला. प्रवासाचा शीण असावा.

संध्याकाळी एका देवळाजवळ तंबू लावला. राजवीरनं जागा निवडली ती उताराच्या तोंडाशी. मी म्हटलं, इथून पाणी येईल. तो म्हणाला, "तुला कॅम्पिंगचं काय कळतंय?" ते खरंच आहे. पण गवताच्या गंजीचं कळतं, म्हणून मी देवळातलं खोरं मागून आणून तंबूभोवती चर काढला. मी चर काढत होते तोवर तो आत बसून फोनवर स्टेटस टाकत होता: 'निसर्गाच्या कुशीत, माझ्या राणीसोबत.' फोटोत खोऱ्याचा दांडा दिसतो. मी दिसत नाही.

१७ जुलै, गुरुवार. आंबोली

आज जळू.

धुक्यात फोटो काढायला गवतात शिरलो होतो. राजवीर मला सकाळपासून सांगत होता, जळवा कशा चढतात, कळतसुद्धा नाहीत, रक्त थांबत नाही. मी म्हटलं, बघू तरी कशी असते. मला एकही लागली नाही. त्याच्या पोटरीला दोन लागल्या. तो असा ओरडला की रस्त्यावरची एक जीप थांबली.

मीठ लावलं की जळू सुटते हे मला माहीत होतं, पण मीठ नव्हतं. आत्तींची चटणी होती. चटणीत मीठ असतंच. मी मूठभर काढून लावली. जळवा लगेच सुटल्या. राजवीरही सुटला, रस्त्यानं पळत. जीपमधल्या बाईनं विचारलं, "काय झालं हो ताई?" मी म्हटलं, "उपाय चालू आहे."

पाय धुतल्यावर त्यानं मला विचारलं, "असल्या ठिकाणी तू राहणार? एकटी? रोज?"

मी म्हटलं, "चटणी आहे ना."

नंतर तो बराच वेळ आईशी फोनवर बोलत होता, माझ्याकडे पाठ करून. मधे एकदा "न्हाई गं, उलटंच हुतंय" एवढं ऐकू आलं. कारखान्यातलं काही असेल.

आजही गाडी माझ्या हातात आली नाही. आज कारण धुकं.

१८ जुलै, शुक्रवार. चंदगड

आज राजवीरच्या लांबच्या पाहुण्यांकडे जेवलो. कृष्णातभावोजी, काजूच्या कारखान्यात आहेत. वाटेत राजवीर म्हणाला होता, "सहज जाऊ. त्यांना माहिती असंल माळगुंडीची."

त्यांना खूपच माहिती होती. आम्ही नीट बसायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली, वर्गात धडा म्हणून दाखवावा तशी. "माळगुंडी म्हंजे लई वाईट. रेंज न्हाई. येष्टी येती तशी न्हाई येती." इथं त्यांनी राजवीरकडे बघितलं. राजवीरनं मान हलवली. "बिबट्या हाय. आणि... आणि..."

"खोली," राजवीर म्हणाला.

"व्हय, खोली. खोली मिळत न्हाई. बाईमाणसाला तर मिळतच न्हाई. माणसंबी चांगली न्हाईत."

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, मोनावहिनींचा आवाज आला, "काय सांगालासा वो तुमी? आपली तेजस्वी तिथंच दिल्या न्हवं? तुमचीच सख्खी भण. माणसं चांगली न्हाईत तर दिलासा कशाला?"

कृष्णातभावोजींना जोरात खोकला आला. त्यांना सर्दी असावी. मोनावहिनी तांदळाची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची आमटी घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तेजस्वीकडंच जावा. पुढची खोली मोकळी हाय तिची. मी सांगतो म्हणून सांगा." इकडे बायकाही 'मी सांगतो' म्हणतात. ऐकायला किती छान वाटतं.

राजवीर दोनच घास जेवला. आमटी फार चांगली होती.

मला मात्र एक शंका येते आहे आणि ती मी इथं प्रामाणिकपणे लिहून ठेवते. राजवीरला हा प्रदेश आवडत नाही की काय?

१९ जुलै, शनिवार. माळगुंडी

आज बरंच झालं. क्रमानं लिहिते.

माळगुंडीचा शेवटचा घाट तांबड्या मातीचा आहे. डांबर आहे, पण माती त्याच्यावर येऊन बसते. दुसऱ्याच वळणावर गाडी आडवी झाली. फार लागलं नाही. राजवीर कंबर धरून दगडावर बसला आणि म्हणाला, "ह्या गाडीचं वजनच चुकीचं हाय." त्यानं दोनदा उचलायचा प्रयत्न केला. गाडी उचलायची म्हणजे हाताने ओढायचं नसतं. सीटला पाठ लावायची, पाय रोवायचे आणि मागं ढकलत उभं राहायचं. भरलेले कॅन लावलेली गाडी आडवी झाली की रस्त्यात कोण मदतीला असतं? मी तसं केलं आणि गाडी उभी राहिली.

राजवीर गाडीकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"चावी," मी म्हटलं.

त्यानं दिली. यावेळी त्याच्याकडे कारण नव्हतं.

पुढची सगळी वळणं मी चालवली. किती दिवसांनी! गाडी मोठी आहे, पण कॅनपेक्षा राजवीर बरा, हिंदकळत नाही. कोणी समोरून आलं की तो हेल्मेटची काच खाली करत होता. डोळ्यांत पाऊस जात असेल असं मला वाटलं. नंतर आठवलं, मागच्या माणसाला पाऊस लागत नाही.

गावात शिरलो तर शाळेच्या पडवीत माणसं बसली होती. हंबीरराव म्हणून एक म्हातारे आहेत, ते उठून थेट राजवीरच्या पाया पडायला निघाले. "तलाठीसाहेब, किती वाट बघायची?"

राजवीर म्हणाला, "मी न्हाई, ही."

हंबीररावांनी मला खालून वरपर्यंत बघितलं. मग गाडीकडे बघितलं, हँडल कुणाच्या हातात आहे ते बघितलं. "बरं," म्हणाले. "बाई, माझ्या सातबाऱ्यावर माझ्या मेलेल्या चुलत्याचं नाव हाय, ते कवा निघणार?" मी म्हटलं, अजून रुजू व्हायचंय. ते म्हणाले, "व्हा की मग. आडवतंय कोण?"

मग राजवीरला विचारलं, "पावणं, तुमी काय करता?"

राजवीर उत्तर देईपर्यंत मागून कोणीतरी म्हणालं, "ते बाईंचे मिस्टर."

तेजस्वीची खोली बघितली. कौलारू आहे, एका कोपऱ्यात गळते, खिडकीतून भातखाचरं दिसतात. तेजस्वी म्हणाली, "कृष्णातदादाचा फोन आलता. खोली न्हाई म्हणून सांग म्हणाला. म्या म्हटलं, खोली हाय तर न्हाई कशी म्हणू?" मी म्हटलं, त्यांना सर्दी झाली आहे. ती हसली. मला तेव्हाही हसू का आलं नाही?

रेंज मात्र खरंच कमी आहे. गावाच्या वर एक मोठा कातळ आहे, त्याला रेंजचा दगड म्हणतात. ज्याला फोन करायचा तो वर चढतो, बाकीचे खाली आपली पाळी येईपर्यंत थांबतात. पावसाच्या आवाजात ऐकू जात नाही म्हणून वरचा माणूस ओरडतो. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाचं लग्न मोडलं, सगळ्या गावाला कळतं. मी आणि तेजस्वी संध्याकाळी आण्णांना फोन करायला गेलो. खाली सात-आठ माणसं छत्र्या घेऊन उभी. वर कोणीतरी ओरडत होतं. आवाज ओळखीचा होता.

"व्हय आये! दावलं सगळं! पाऊस दावला, जळू दावली, कृष्णातकडनं बी वदवून घेतलं!"

पलीकडून आत्ती बोलत असणार.

"न्हाई! भ्याली न्हाई! कशालाच भियाना ती! ... अगं व्हय, तू सांगितलं तसंच केलं! ... तंबूत बी ठेवलं! ... आये, ती न्हाई, मी भ्यालोय! ताप हाय अंगात! कंबर गेल्या! ... मी काय करू आता, गाडी बी तिनंच उचलली!"

हंबीरराव छत्रीच्या काड्या मोजल्यासारखं वर बघत राहिले. तेजस्वीनं माझा हात धरला.

राजवीर खाली उतरला तेव्हा त्याला आम्ही दिसलो. तो म्हणाला, "संयू, पाळी तुझी हाय."

मी वर गेले. आण्णांना ओरडून सांगितलं, मी बरी आहे, खोली मिळाली. आण्णांनी विचारलं, जावईबापू कसे हाईत?

"जावईबापू भ्यालेत जरा!" मी ओरडले.

खाली सगळे हसले. हे मी बोलायला नको होतं, असं लिहायला घेतलं होतं. लिहीत नाही.

२० जुलै, रविवार. माळगुंडी

या वहीतली मागची पानं आज सकाळी वाचली. देव्हाऱ्यातलं पाकीट, आखाड झाला की बघू, नीट दाखवून आण, चहाच्या टपऱ्या. मी बी.ए.ला पहिल्या वर्गात आले होते. ते कसं काय, याचा विचार करते आहे.

राग येतो तो त्यांनी मला नको म्हटलं याचा नाही. समोर बसून 'नको' म्हटलं असतं तर मी भांडले असते, कदाचित हरलेही असते. पण मला घाबरवायला तंबू आणला! मी माझ्या डोळ्यांनी बघणारच नाही, बघितलं तरी त्यांना हवं तेच बघेन, असं ते धरून चालले. आणि मी त्याला सहजीवन म्हणून वहीत लिहीत बसले.

राजवीर उठला तेव्हा त्याच्या अंगात ताप होता. मी कपाळावर पट्टी ठेवली. तो वाईट माणूस नाही, हेही लिहून ठेवायला हवं. आईला नाही म्हणता येत नाही आणि मला नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून त्यानं पावसाला, हत्तीला आणि जळवांना पुढं केलं.

"तू मला सरळ विचारायचं होतंस," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"जाणार म्हणाले असते."

"मग?" तो म्हणाला. त्याला हा फार मोठा मुद्दा वाटला.

थोड्या वेळानं म्हणाला, "आई म्हणत्या, उद्याच्या आत हिला घिऊन ये. न्हाईतर ती सोता येणार."

मी म्हटलं, "आत्ती कशा येतील? अजून आखाड आहे. सासूनं सुनेचं तोंड बघायचं नाही."

तो अंथरुणात उठून बसला.

"फोनवर..."

"व्हिडिओ कॉल तर मुळीच नको," मी म्हटलं. "आत्ती किती कडक पाळतात तुला माहीत आहे. आपल्यामुळं त्यांचा नियम मोडायला नको. चोवीसला आखाड संपेल, मग त्यांनी जरूर यावं. आणि आत्तींचंच म्हणणं आहे ना, आखाड झाला की बघू? मग तसंच बघू."

ताप असलेला माणूस एवढा वेळ तोंड उघडं ठेवून बसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

दुपारी त्याला चंदगडच्या एसटीत बसवलं. मोटारसायकल चालवायच्या स्थितीत तो नव्हता, म्हणून ती इथंच राहिली. हंबीररावांनी त्याच्या डोक्यावर छत्री धरली. म्हणाले, "पावणं, परत या. पाऊस उघडला की लई बघण्यासारखं हाय." आणि वर विचारलं, "हत्ती बघितलासा का?"

२१ जुलै, सोमवार

सकाळी गाडी घेऊन घाट उतरले. चंदगडला तहसील कार्यालयात सही केली. रुजू झाले. परत येताना त्याच वळणावर थांबून मी गाडी बाजूला लावली आणि पाच मिनिटं नुसता डोंगर बघितला. मागं कुणीच नसल्यामुळे कुणाला सांगायचं नव्हतं, हे बघ, ते बघ.

जरा चुकल्यासारखं वाटलं. हेही खरं आहे.

आण्णांना फोन केला. दगडाखाली सगळे ऐकत होते. आण्णा नुसते "हं, हं" म्हणाले आणि फोन मधेच आईच्या हातात देऊन गेले. आई म्हणाली, ते गोठ्यात जाऊन बसलेत, हाक मारली तरी येत न्हाईत.

२५ जुलै, शुक्रवार. श्रावण लागला

दुपारच्या एसटीनं राजवीर आला. ताप गेलेला, दाढी केलेली. हातात चटणीची नवी बरणी.

मी सज्जात, म्हणजे तलाठी कार्यालयात होते. छप्पर दोन ठिकाणी गळतं, म्हणून झिशानचा तंबू दप्तरावर ताणून बांधला आहे. राजवीरनं दारातून तंबू ओळखला. म्हणाला, "हे काय केलंस?"

"पहिल्यांदा उपयोगाला आलाय," मी म्हटलं. "झिशानभाऊंना सांग, पाऊस उघडला की देते."

तो खुर्चीवर बसला. जुन्या आठ-दहा सातबाऱ्यांची अडचण घेऊन बसलेली माणसं त्याच्याकडे बघत होती, म्हणून त्यानं आवाज खाली केला. "आई म्हणत्या, झालं तेवढं बास. आखाड संपला. आता घरी चल."

"आत्ती नाही आल्या?"

"तिला जळवांचं सांगितलं मी."

मी म्हटलं, "शनिवार-रविवार येईन हुपरीला. नोकरी सोडणार नाही. तुला वीस माणसांसमोर दिलेला शब्द माघारी घ्यायचा असेल, तर तोही वीस माणसांसमोर घे. बघ, इथं बसलेत बारा-तेरा. उरलेले बोलावू."

त्यानं तंबूवरून टपकणाऱ्या पाण्यातून खुर्ची सरकवली. मग म्हणाला, "मी माघारी घेतलाय कुठं?"

"मग झालं तर."

"मला येता येईल का? महिन्यातनं एकदा?"

"एसटी आहे की. येते तशी नाही येत, पण येते."

आता तो मुद्द्यावर आला. "आणि गाडी?"

"अर्धं अर्धं ठरलं होतं ना? शेवटचा घाट सोडला तर इथपर्यंत सगळं तूच चालवलंस. तुझं अर्धं झालं. आता माझं."

"तुझं कुठवर?"

"बघू. आखाड झाला की," मी म्हटलं आणि हंबीररावांच्या मेलेल्या चुलत्याचा कागद पुढं ओढला.

हंबीरराव काठी टेकत उठले. राजवीरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला पावणं, दगडावर. आईला कळवायचं असंल की."

त्यांच्याबरोबर अर्धी माणसं उठून गेली. कामाचा खोळंबा झाला, पण मी रागावले नाही. मी कागदावर नोंद लिहीत होते आणि पाऊस जरा थांबला होता.

"आये! न्हाई येत! ... व्हय! ... गाडी बी न्हाई! ... न्हाई गं, रागानं न्हाई, हसूनच म्हणाली! ... चटणी? चटणी ठिवून घेतली!"

कृष्णातभावोजी म्हणाले होते तेवढी रेंजची अडचण इथं नाही. कार्यालयात बसल्या जागी सगळं स्वच्छ ऐकू येतं.